खांबाखालचा दगड

"मामा, हे प्रवाळच आहे," प्रवीना म्हणाली, आणि इलाइतियानं बसल्या जागी तीनदा ओंजळीची टाळी वाजवली, रातूंच्या, मोठ्या सरदारांच्या, पुढ्यात वाजवतात तशी.

"मी काय सांगत होते?" शेजारी बसलेली त्याची आत्या केलेरा म्हणाली. "माझं ऐकायला तुला सरकारी बाई लागली."

आत्याचं वय ऐंशीच्या पुढचं, पण जीभ अजून तरणीताठी. इलाइतिया साठीचा, आयुष्यभर भाजीच्या ट्रकवर पोती चढवून पाठीत वाकलेला. दोघांचं एकमेकांशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि या वर्षीच्या पुरात घरही गेलं. नदीकाठच्या नासेवू गावात त्यांच्या तीन पिढ्या गेल्या, पण जमीन गावाची; हे कायमचे उपरे. पुरानंतर 'जा' असं कुणी म्हणालं नाही. वरची उंच जागा आमच्या मुलांना लागणार, एवढंच म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार.

राहता राहिलं समुद्रकाठचं कोरोमुआ. इलाइतियाचा पणजोबा तिथला. भावाशी भांडून तो नदीनं वर आला, येताना घराच्या जोत्यातला प्रवाळाचा एक दगड उचलून घेऊन आला, आणि नव्या घराच्या मुख्य खांबाखाली त्यानं तो पुरला, असं आत्या जन्मभर सांगत आली. कोरोमुआची माणसंही 'दगड नेलेल्या भावाची' गोष्ट सांगत. म्हणून तिथल्या कुळाच्या प्रमुखानं, आपेनिसा म्हाताऱ्यानं, निरोप धाडला होता: दगड दाखवा आणि घराची जागा घ्या. फक्त जाणकाराच्या नजरेखालून घालून आणा, नदीत दगडांना काय तोटा? पूर ओसरल्यावर खांबाच्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या गाळात, इलाइतियाला हा सापडला. मधमाशांच्या पोळ्यासारख्या घरांचा, मुठीहून मोठा. त्या दिवशी तो चिखलात बसून रडला होता.

"पण मामा," प्रवीना म्हणाली. ती खडकांच्या सरकारी खात्यातली, उसाच्या मळ्यावर वाढलेली मुलगी; या खोऱ्याची भाषा तिला घरच्यासारखी येत होती. तिनं दगड पुन्हा ओला केला आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "ही घरं बघा. आत स्फटिक भरलेत. समुद्रावरचं प्रवाळ हलकं असतं, पोकळ. ह्याचा पार दगड झालाय. आणि ही जात आता समुद्रात कुठंच नाही."

"मग?"

"मग हा कुणी समुद्रावरनं आणलेला नाही. वर चुनखडीचे डोंगर आहेत ना, त्यांच्यातनं सुटून नदीनं खाली आणलाय. फार पूर्वी तिथं समुद्र होता. माणूस नव्हता तेव्हा."

"डोंगरात समुद्र?" आत्या म्हणाली. "पोरी, सकाळी काही खाल्लंस का?"

प्रवीना हसली नाही. तिनं कोपऱ्यातली टोपली ओढून पुढे ठेवली. त्याच नदीतून वेचलेले, तसल्याच पोळ्यांचे दगड तिच्यात भरले होते. इलाइतिया एकेक उचलून बघत राहिला. सगळे सख्ख्या भावांसारखे.

"मग आमचा खांबाखालचा?"

"असेल कुठं तरी. पुरानं नेला असेल. हा तो नव्हे." तिनं टोपली बाजूला सारली. "मामा, मला दुसरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं हो."

"तू काय करणार, बाळ," इलाइतिया म्हणाला, आणि खरंच, ती काय करणार होती?

कोरोमुआच्या बसमध्ये आत्यानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "प्रवाळ आहे म्हणाली की नाही? तेवढंच सांगायचं. पुढचं तिनं न विचारता सांगितलं."

"आत्या..."

"मला समुद्राकाठी मरायचंय रे. माझ्या माणसांत. एवढंच मागतेय." मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

आपेनिसाच्या घरी चटईवर सगळं कूळ जमलं होतं. इलाइतियानं यांगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवली, रीतीप्रमाणे आपली ओळख सांगितली, मग दगड ठेवला. आपेनिसानं तो उचलून पोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"आमच्याच जोत्यातला," तो म्हणाला. "जागा त्या नीरफणसापलीकडे आहे. वारा चांगला येतो. आत्याबाईंना आवडेल."

आत्यानं मान हलवली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे इलाइतिया पहिल्यांदाच बघत होता.

मुळ्या कुटून पाण्यात यांगोनाचं पेय कालवून झालं. पहिली करवंटी त्याच्या हातात आली. "आता सांग," आपेनिसा सहज म्हणाला, "जाणकार काय म्हणाले?"

यांगोनाची करवंटी हातात असताना खोटं बोललं तर ते घराण्याला बाधतं, हे त्याला आत्यानंच लहानपणी शिकवलं होतं. बाधायला घराण्यात आता उरलं होतं कोण? एक ती, एक तो. तरी त्याची जीभ खोट्याकडे वळेना. त्यानं खूप जोर लावून पाहिला.

"प्रवाळ आहे म्हणाली," तो म्हणाला, आणि आत्यानं श्वास सोडला. "पण डोंगरातलं. नदीनं आणलेलं. आमचा दगड हा नाही. आमचा वाहून गेला."

आपेनिसानं दगड अलगद चटईवर ठेवून त्याच्याकडे सरकवला. म्हातारा रागावला असता तरी चाललं असतं.

"खरं बोललास," तो म्हणाला. "तुझ्यासारखा माणूस आमचा असता तर फार बरं झालं असतं."

मग लांब कापड अंथरलं गेलं. नारळाच्या रसातला मासा आला, उकडलेले कसाव्याचे कंद आले. आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घरच्या बायांसारखी सैपाकघराकडे निघाली. आपेनिसाच्या सुनेनं तिचा हात हातात घेतला, फार मायेनं.

"बसा आजी," ती म्हणाली. "पाहुण्यांनी कामाला हात लावायचा नसतो."

तिनं आत्याला वरच्या अंगाला, मानाच्या जागी नेऊन बसवलं. माशाचं डोकं, मानाचा वाटा, इलाइतियाच्या पुढ्यात वाढलं. घरची माणसं भिंतीला टेकून बसली. पाहुण्यांचं झाल्यावर ती जेवणार होती. दोन मुली पंख्यानं माश्या वारत होत्या. सगळे वाट बघताहेत हे इलाइतियाच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यानं आत्याच्या पानात कसाव्याचा तुकडा मोडून ठेवला आणि हळूच म्हणाला, "जेव, आत्या. त्यांना भूक लागली असेल."