अकरा व्हॉल्व्ह

निरुपमाने व्हॉल्व्ह उलटा केला आणि बुडाशी अंगठ्याने चाचपला. बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका तिथे होता. काल तिनेच पंचने ठोकलेला. वरचा तांबडा पट्टा मात्र साफ गेला होता. थिनरचा वास अजून येत होता.

"हा अकरावा," ती म्हणाली. "काल रिजेक्ट केलेले सगळे आंघोळ करून परत लॉटमध्ये येऊन बसलेत."

बडोद्याजवळच्या गोरव्यातल्या त्या कारखान्यात रिजेक्ट मालाला तांबडा पट्टा मारायची रीत होती, आणि तो पुसायचीही. पहिली भिंतीवर लिहिलेली होती, दुसरी सगळ्यांना पाठ होती. चोरठिपक्याची रीत निरुपमाची एकटीची, तपासनीस म्हणून एकोणीस वर्षांची. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी डबा उघडत नसे.

"केसाएवढी तर चीर आहे, निरुपमाबेन. चालशे," मॅनेजर भास्करराव म्हणाले. बडोद्यात तीन पिढ्या काढलेल्या या गृहस्थांचं मराठी अडचणीच्या वेळी नेमकं गुजराती होत असे.

"गॅसला केसाएवढी पुरते."

"ट्रक चारला निघतोय. सही करता?"

"नाही."

भास्करराव जणू याचीच वाट पाहत होते. त्यांनी खिशातून लिफाफा काढला.

"मग हे घ्या, कार्यमुक्तीचं पत्र. आणि वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासारख्या चिकित्सक माणसाला कामं कमी नाहीत. प्रुफं तपासा, लॅबमध्ये बसा. माझी मेहुणी तरसालीत लग्नं जुळवते, तिलाही खोट काढणारं कुणीतरी हवंच आहे."

लेथवरचे दोघे हसले.

निरुपमाने चष्मा बदलला आणि पत्र वाचलं. दोनदा.

"तारीख चुकलीय. यात मला कालपासून कमी केलंय. आज सकाळी हजेरी लावलीय मी."

"काल टाइप करून ठेवलं होतं. काय फरक पडतो?"

"चुकीचा कागद मी घेत नाही."

"बघा रे," भास्करराव लेथवाल्यांकडे वळले. "बाई स्वतःला काढल्याचं पत्रसुद्धा रिजेक्ट करतायत."

त्यांनी ऐटीत पेन काढलं, कालची तारीख खोडून 'आज सायंकाळी साडेपाचपासून' असं लिहिलं, बाजूला सही केली, वर शिक्काही मारला.

"झालं समाधान?"

"झालं." तिने कडेला कड जुळवून पत्राची घडी घातली. "सकाळी दहाला या अकरांचा रिपोर्ट मी गिऱ्हाईक कंपनीला पाठवला. काल काढून ठेवलेल्या ठिपक्यांच्या फोटोंसकट. कालपासूनच नोकरीत नसते, तर तो कुणा परक्या बाईचा कागद ठरला असता."

लेथ थांबलं. भास्कररावांचा हात पत्राकडे पुढे आला, तेव्हा निरुपमा पर्सची चेन ओढत होती.

साडेपाचला अजून सव्वादोन तास होते. तिने पुढचा व्हॉल्व्ह उचलला आणि उजेडाकडे धरला.