शुभेच्छुकांच्या रांगेत उदयसिंह

कॅप्टनने मला आणि उदयसिंहला एकाच पासवर किनाऱ्यावर सोडलं. यात त्याचा काही चांगला हेतू होता असं मी अजूनही मानत नाही.

आम्ही दोघं सात महिने एका जहाजावर खलाशी होतो आणि त्यातले साडेसहा महिने एकमेकांशी बोलत नव्हतो. पहिले पंधरा दिवस बोललो, म्हणूनच पुढचं सगळं झालं. मी घरून सुके बोंबील नेले होते. वास भिंतीतून येतो, अशी शेजारच्या केबिनमधून उदयसिंहची तक्रार. एके दिवशी त्याने बरणी उचलली आणि श्रीलंकेच्या खाली कुठेतरी समुद्रात रिकामी केली. म्हणाला, जिथले तिथे सोडले. मग मी त्याच्या खुराकाचे दोन किलो बदाम स्टोअरमधल्या उंदरांना वाटले. उंदीर धष्टपुष्ट झाले आणि त्याच्या केबिनमध्ये राहायला गेले. हा भाग मी ठरवलेला नव्हता, पण श्रेय घेतलं.

उदयसिंह साताऱ्याकडचा पैलवान. तालमीतल्या वस्तादांना त्याने शब्द दिला होता, दारूला शिवणार नाही. आमच्या जहाजावर असा तो एकटाच. बाकीच्यांबद्दल काय सांगावं. मोंबासाला आमचा कुक पिऊन परत आला तो दुसऱ्याच जहाजावर चढला, आणि तिथल्या लोकांना त्याने सकाळचा नाश्ताही करून घातला. ते त्याला सोडायला तयार नव्हते. डर्बनला दोघं जण स्वतःहून पोलीस चौकीत झोपायला गेले, कारण तिथे पंखा होता. त्यानंतर कॅप्टनने नियम काढला. किनाऱ्यावर एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. परत आल्यावर शिडीपाशी दोघांनी मशिनमध्ये फुंकायचं. एकाचा लाल दिवा लागला तर दोघांचाही लागला असं धरायचं.

त्यात बोसनची जागा रिकामी झाली. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आमच्याकडची जुनी माणसं त्याला सारंग म्हणतात. लायक दोघंच होतो, मी आणि तो. न्हावा-शेव्याला जहाज लागलं त्या दिवशी खाडीपलीकडे करावे गावात माझ्या बहिणीची, प्रियाची हळद होती. लग्न दुसऱ्या दिवशी, पण जहाज त्याच रात्री सुटणार होतं. निदान हळदीला तरी जाऊ द्या, म्हणून मी सुट्टी मागितली. कॅप्टन म्हणाला, जा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, उदयसिंहला घेऊन. वैऱ्याला जो शुद्धीत परत आणेल त्याला आठ खलाशी सांभाळता येतील. सहा वाजता दोघांचे हिरवे दिवे लागले, तर कोण बोसन ते मी ठरवीन. एक जरी लाल लागला, तर दोघंही नाही, बोसन मुंबईच्या ऑफिसातून येईल.

टॅक्सीत उलव्यापासून पाम बीचपर्यंत आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. मला काळजी फक्त माझी होती. आमच्या हळदीत दारू न पिणं म्हणजे नवरीच्या बापाला शिवी देणं. उदयसिंह पिणार नाही याची मला खात्री होती. त्या एका बाबतीत माझा त्याच्यावर आईपेक्षा जास्त विश्वास होता.

करावे गावाच्या तोंडाशी बॅनर दिसला. वीस फुटी.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. मागच्या आठवड्यात मी बाबांना फोनवर म्हणालो होतो, बोसनचं जवळपास झालंय. माझे बाबा नामदेव, पूर्वी खाडीत मासेमारी करायचे, आता चार खोल्या भाड्याने देतात. जवळपास म्हणजे त्यांच्या लेखी छापायला हरकत नाही. बॅनरवर कॅप्टनची टोपी घातलेला मी होतो. टोपी माझी नव्हती. मानही माझी नव्हती. वर लिहिलं होतं, ‘करावे गावचे सुपुत्र हितेश यांची जहाजाच्या सारंगपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. दिनानाथ मामा, सगुणा आत्या, क्रिकेटचा संघ, आमचा कुत्रा टायगर आणि त्याच्या शेजारी उदयसिंह. मी कधीतरी जहाजावरचा ग्रुप फोटो घरी पाठवला होता, त्यातून त्याचं डोकं कापून घेतलं होतं. ग्रुप फोटोत तो माझ्याकडे बघत होता, त्यामुळे बॅनरवर तो टायगरकडे खाऊ की गिळू असं बघत होता. खाली लिहिलं होतं, ‘जिवलग मित्र’.

उदयसिंहने टॅक्सी थांबवायला लावली. खाली उतरला. बॅनर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, प्रिंटिंग प्रेसच्या मोबाईल नंबरासकट.

“कुत्र्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा हाय,” एवढंच म्हणाला.

मी सांगितलं की ही घरच्यांची चूक आहे, माझी नाही, आणि अजून काही ठरलेलं नाही. तो ऐकत नव्हता. सरळ मांडवात गेला. सगुणा आत्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभीच होती. त्याने एक ग्लास उचलला, दुसऱ्या हाताने कानाची पाळी धरून वस्तादांची माफी मागितली आणि एका दमात संपवला. आयुष्यातला पहिला. तोंड वाकडं झालं, ते त्याने मिशीखाली सरळ केलं. मग मला म्हणाला, “सहाला फुंकायचं हाय न्हवं? फुंकू की.”

त्याचा हिशोब माझ्या लक्षात आला. आपल्याला नको, पण ह्यालाही नको. माझा पाय कापायला माणूस आधी स्वतःचा पाय कापत होता.

दुसरा ग्लास मी त्याच्या हातातून हिसकला. सगळ्या मांडवाने माना वळवल्या. डीजेवाल्यानेसुद्धा आवाज कमी केला, त्याला ऐकायचं होतं. दिनानाथ मामा खुर्चीतून उठला.

“पावन्याच्या हातातला गिलास खेचतस? सारंग झालास म्हनून?”

मी समजावलं की त्याने वस्तादांना शब्द दिलाय, संध्याकाळी मशिनमध्ये फुंकायचंय, दोघांची नोकरी आहे. त्यावर सगुणा आत्याने पाहुण्याला दुसरा ग्लास भरून दिला. म्हणाली, तो मागतोय, आम्ही देतोय, तुझं काय जातंय. मग लोकांच्या लक्षात आलं की मीसुद्धा घेत नाहीये. आई, म्हणजे भागीरथीबाई, हळदीचे हात पुसत आली आणि म्हणाली की बहिणीची हळद आहे, ओठ तरी लाव. मी नाही म्हणालो. चुलत भावांनी माझ्याकडे पाठ केली. एकाने जाता जाता सांगितलं की मी आता साहेब झालोय आणि साहेब लोकांना आमची दारू चढत नाही, चावते.

मी पाहुण्याच्या मागे मागे फिरत होतो, हातात ताकाचा तांब्या घेऊन. पाटावर हळदीने पिवळी झालेली प्रिया बसली होती. तिने मला हाक मारली.

“दादा, तू हळदीला आलायस का ड्यूटीवर हायस?”

उत्तर द्यायला मी थांबलो, तेवढ्यात उदयसिंहने तिसरा घेतला.

दुपारी दोनपर्यंत करावे त्याचं झालं होतं. त्याने डीजेचा स्पीकर एकट्याने उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेला. कोणी सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं तिकडे बरा दिसेल. माझ्या तीन चुलत भावांना त्याने कुस्तीत एकामागोमाग एक चीत केलं आणि दिनानाथ मामाला अदबीने उचलून बर्फाच्या टपात ठेवलं. मामा टपात बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होता. बायकांनी उदयसिंहला डोक्यापासून कोपरापर्यंत हळद लावली. माझ्या गालाला आत्याने एक बोट लावलं, तेही पुसायला कपडा शोधताना. बाबा तर उदयसिंहचा दंड चाचपत बसले होते. म्हणाले, असा पोरगा घरात पाहिजे. त्यांना एकच पोरगा आहे. तो ताक घेऊन शेजारीच उभा होता.

पाच ग्लास झाले, तेव्हा मी मनाई करणं सोडलं आणि लिंबू पिळायला लागलो. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, परत लिंबूपाणी. तो सगळं प्यायला. म्हणाला, तुझ्या घरचं पाणी गोड आहे. साडेचारला त्याला टॅक्सीत घालायला बारा माणसं आली. मला निरोप द्यायला टायगर आला, आणि तो वाटेतून परत गेला.

सहाला पाच मिनिटं असताना आम्ही शिडीपाशी पोचलो. मी फुंकलं. शून्य, हिरवा. उदयसिंहने फुंकलं, तर मशिनने आधी लाल दिवा लावला, मग शिट्टी वाजवली. त्याने आकडा वाकून बघितला आणि विचारलं की जहाजावर याहून जास्त कोणाचा आलाय का. कॅप्टन वरून सगळं बघत होता. खाली आला. एक स्वच्छ माणूस आणि एक पिवळा माणूस, असं त्याने दोघांना नीट पाहून घेतलं.

मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, नियमाप्रमाणे दोघंही गेलात. पण तू त्याला थांबवायचा प्रयत्न केला असशील आणि तो मुद्दाम प्यायला असेल, तर तसं लिहून दे. त्याने ते कबूल केलं पाहिजे. मग तो जहाज सोडून उतरेल आणि बोसन तू. नाहीतर दोघंही राहा, खलाशीच राहा.

कॅप्टनने विचार करायला दहा मिनिटं दिली होती. मला ती लागली नाहीत. कागद मांडीवर घेऊन मी लिहिलं, तीन ग्लास, स्वेच्छेने, मी मनाई केली असता. पाच लिहिले असते तर माझी मनाई लंगडी दिसली असती. उदयसिंहचं नाव लिहिताना माझं अक्षर शाळेत कधी आलं नाही इतकं सुंदर आलं.

उदयसिंहने कागद वाचला. पेन मागितलं. मला वाटलं आता फाडणार. त्याने ‘तीन’ खोडून ‘पाच’ केलं. खाली स्वतःच्या हाताने भर घातली की याने ग्लास एकदा हिसकला आणि मी ऐकलं नाही. मग सही केली, पूर्ण नावाची, आडनावासकट.

“बोसनगिरीसाठी तीन लिहिलंस व्हय रं,” तो म्हणाला. “पाच प्यायलोय मी. लिहायचं तर खरं लिही की लेका.”

बोसन म्हणून माझं पहिलं काम त्याची बॅग शिडीवरून खाली नेण्याचं होतं. बॅग जड होती. तो मदत करू शकला असता, पण वर कठड्याला टेकून, बॅग नेमकी कुठे धरायची, ते मला सांगत राहिला. खाली आल्यावर बॅग घेतली आणि गेला. मागे वळला नाही. मीही हात केला नाही.

साताऱ्याची गाडी सकाळी होती. रात्रीपुरतं जायला त्याला नवी मुंबईत एकच घर माहीत होतं.

जहाजावर आता नेट असतं, हे वाईट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, किनारा दिसेनासा झाल्यावर, चुलत भावाने लग्नाचा व्हिडिओ पाठवला. बरोबर काही लिहिलं नव्हतं. कानपिळीची वेळ होती. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. मांडवात हाक पडली आणि माझा झब्बा घातलेला उदयसिंह पुढे आला. झब्बा त्याच्या पाठीवर उसवला होता. त्याने नवरदेवाचा उजवा कान धरला. पैलवानाला कान हळू धरायला कोणी शिकवत नाही. नवरदेव बसल्या जागेवरून उठला, मग टाचा उचलून उठला, मग ओरडला. भटजी मागे सरकले. बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरत होते.

मी घरी फोन लावला. सहाव्या वेळेला आईने उचलला. म्हणाली, आता बोलायला वेळ नाही, जावईबापूंना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, उदय गाडी काढतोय. मी सांगितलं की मी बोसन झालो. ती म्हणाली, माहीत हाय, उदयने कागदाचं सगळं सांगितलं. फोन ठेवला.

मी डेकवर गेलो आणि आठही खलाशांना गंज खरवडायला लावलं. त्यातल्या एकाने विचारलं, इथे गंज कुठे आहे. मी म्हणालो, शोधा.