सी रांगेतली रिकामी जागा

हितेंद्रने होडी घेतली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि मला सांगितलं घेतल्यावर. शिडाची, पांढरी, चौतीस फूट लांब. ती पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात उभी होती आणि मी जळगावच्या पिंप्राळ्यात तिसऱ्या मजल्यावर लेकीला, भूमिकाला, पोहे भरवत होते. फोनवर फोटो आला. खाली त्याने लिहिलं होतं, आपलं घर. मी फोटो मोठा करून पहिल्यांदा कठडा पाहिला. कठडा कसला, दोन तारा. त्या दोन तारांमधून साडेतीन वर्षांचं पोर अलगद पाण्यात जाईल एवढी फट. मी तेवढंच लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, बघू ना, करू काहीतरी.

आमचं आधीचं ठरलं होतं ते असं. हितेंद्र एका डच कंपनीचं काम दोन वर्षं आमच्या बेडरूममधून करत होता. मग कंपनीने युरोपातल्या कुठल्याही देशातून काम करायची मुभा दिली. त्याचा व्हिसा झाला, तो फेब्रुवारीत गेला. घर मिळालं की मी आणि भूमिका जाणार. घर काही मिळेना. उन्हाळ्यात पर्यटक येतात म्हणून तिथले घरमालक जूनमध्येच भाडेकरूंना बाहेर काढतात. त्यातच ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी त्याला होडीवर नेलं. ज्या माणसाला पाणी म्हणजे पांझरा नदी आणि शेतातली विहीर एवढंच ठाऊक, तो त्यानंतर माझ्याशी फोनवर वाऱ्याच्या दिशांबद्दल बोलायला लागला. किनाऱ्यावर इंटरनेट चांगलं आहे, होडीत बसून कामाच्या मीटिंगा होतात, कितीतरी कुटुंबं अशी राहतात. तो हे सांगताना इतका खूश असायचा की मध्ये बोलायला जीव व्हायचा नाही.

मी नको म्हटलं नाही. अट घातली. होडी कायम काठाला बांधलेली हवी. चालत चढता-उतरता आलं पाहिजे, जवळ नळ आणि वीज हवी, फाटक हवं. समुद्रात नांगर टाकून राहायचं आणि भूमिकाला लहान नावेतून वल्हवत शाळेत न्यायचं, हे मला जमणार नाही, मग मी इथेच बरी. तो म्हणाला, अगं, ती मरीनातच आहे. मरीना म्हणजे होड्यांचा तळ. तरंगते लाकडी फलाट असतात, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, आणि फलाटावर प्रत्येक होडीची नंबराची जागा. त्याची ए रांगेत होती, अगदी टोकाला.

पण ती जागा त्याची नव्हती. हे सप्टेंबरच्या पाच तारखेला कळलं. जागेचा करार विकणाऱ्याच्या नावावर होता आणि महिनाअखेर संपत होता. होडी विकली की जागा तिच्याबरोबर जात नाही, ती वेगळी मिळवावी लागते आणि त्यासाठी दोन वर्षांची यादी आहे. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे कागद तपासते. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो आणि त्यांनी लिहून दिलेली हकिकत जुळते का ते बघते. त्या करारातली ही ओळ मला पाच मिनिटांत दिसली असती. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्याने तो दाखवलाच नव्हता.

सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, तेव्हापासून गप्प झाले. हितेंद्र गेल्यावर ते आणि सासूबाई धुळ्याजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. होडी घेण्याआधी त्याने त्यांना विचारलं होतं, आणि नानांनी आपल्या अनुभवाचा सल्ला दिला होता: "टॅक्टर लिधं तव्हय जागा कोठे व्हती आपली? आधी ली ले. जागा व्हई जास." आधी घेऊन टाक, जागा होऊन जाते. आमच्याकडे सगळं तसंच होतं. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. वाहन आधी दारात येतं, मग दार त्याच्यासाठी जागा करतं. पाण्यावर तसं नसतं हे नानांना कुठून माहीत असणार?

हितेंद्रने आजूबाजूचे चार तळ पालथे घातले. कुठेच नाही. एक जण म्हणाला, बाहेर खाडीत नांगर टाक, फुकट आहे. त्याने मला ते सांगितलंही, आणि लगेच म्हणाला, तुझी अट माझ्या लक्षात आहे. जागा नाही मिळाली तर होडी विकून मी घरी येतो. आवाज नेहमीसारखाच ठेवला होता त्याने. मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

आता कॅमेऱ्याबद्दल सांगते. होडी घेतल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी त्या मरीनाला फाटक आहे की नाही हे इंटरनेटवर शोधत होते. तेव्हा त्यांच्या पानावर एक कॅमेरा सापडला. खलाश्यांना वारा-पाणी दिसावं म्हणून खांबावर लावलेला, कुणालाही बघता येईल असा. दर चार सेकंदांनी चित्र बदलायचं. कामाच्या कागदांशेजारी मी ते उघडं ठेवायला लागले. हितेंद्रला बोलले नाही. नवऱ्यावर पाळत ठेवते असं वाटलं असतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर नाही, पाण्यावर पाळत ठेवत होते. होड्या किती हलतात. फलाटावरून चालणारी मुलं लाइफ जॅकेट घालतात का. एका वहीत तारीखवार लिहीत होते.

रोज बघितलं की माणसाला शेजारपाजार कळतो. पिवळ्या होडीवरचा म्हातारा सकाळी कुत्र्याला घेऊन फाटकापर्यंत जातो. दुहेरी होडीवाले फक्त शनिवारी येतात. दिवसभरासाठी बाहेर जाणारे बांधायच्या दोऱ्या फलाटावरच टाकून जातात, म्हणजे संध्याकाळी आल्यावर उचलून बांधता येतात. सी रांगेत भिंतीच्या आडोशाला, चौदा नंबरला, एक निळी होडी होती. पंचवीस ऑगस्टला ती निघाली तेव्हा फलाटावर पंधरा-वीस माणसं जमली होती. भाजीच्या पाट्या चढवल्या, दोन सायकली चढवल्या, सगळ्यांनी गळाभेटी घेतल्या. मुलगी सासरी पाठवतात तसं चाललं होतं. मी वहीत लिहिलं, निळी गेली.

सोळा सप्टेंबरला दुपारी भूमिका झोपली होती आणि मी वही चाळत होते. एकदम लक्षात आलं की निळी गेली ती दोऱ्या घेऊन गेली होती. दोऱ्या, पाण्याचा पाइप, पायपुसणंसुद्धा. ज्याला परत यायचं असतं तो पायपुसणं नेत नाही. आणि तेव्हापासून चौदा नंबरला कुणीही आलेलं नव्हतं. मरीनाच्या ऑफिसच्या कागदावर जागा भरलेलीच असणार, कारण भाडं भरलेलं. पण जागा रिकामी होती, भिंतीच्या आडोशाची, फाटकाजवळची, शेजारी नळ असलेली. मी मागितली होती अगदी तशी. मला सोडून हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तीन आठवडे एकाच जागेकडे बघत बसणारं रिकामं माणूस तिथे कुणी नसावं.

मी लॅपटॉप मिटला आणि वाटाणे सोलायला बसले.

सहा दिवस मी काही बोलले नाही. रोज फोन यायचा. आज काय झालं, भूमिका जेवली का, नानांचा गुडघा कसा आहे. त्याच्या बोलण्यात जागेचा विषय कमी कमी होत गेला. मीही काढत नव्हते. मला चौदा दिवस काढायचे होते फक्त, मग तो येणार होता, आणि भूमिका आमच्या कॉलनीच्या फाटकासमोरच्या बालवाडीत जाणार होती. तिथे पाणी फार तर पावसाळ्यात घोट्यापर्यंत साचतं. मी वाईट काही करत नव्हते. मी नुसती गप्प होते. असं मी स्वतःला सांगायचे आणि पुन्हा कॅमेरा उघडायचे.

बावीस तारखेला साडेपाचच्या चहाला नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर काय आहे ते त्यांनी विचारलं. लपवायला वेळ मिळाला नाही. मी सांगितलं की हे हितेंद्रचं गाव, ही त्याची होडी. तिथे तेव्हा दुपारचा एक वाजलेला, त्याची जेवायची सुट्टी. होडीच्या पुढच्या टोकाला तो मांडी घालून बसला होता, मुंगीएवढा. चेहरा दिसत नव्हता. मान खाली, हात हलत होते. गेले बरेच दिवस तो असाच बसलेला दिसायचा, मला वाटायचं दोरी दुरुस्त करत असेल.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बघितलं.

"मुसकी ईनी ऱ्हायना तो," ते म्हणाले.

मुसकी म्हणजे बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची दोरीची जाळी. नाना स्वतः विणतात. हितेंद्र लहान असताना सुट्टीत त्यांनी त्याला शिकवली होती. त्यांनी मला हाताने करून दाखवलं: डावा हात धरतो, उजवा फिरून येतो, मग दोरी छातीकडे ओढायची आणि अंगठ्याने गाठ दाबायची. स्क्रीनवरचा माणूस तेच करत होता, तस्संच, छातीकडे ओढताना खांदा जरा वर.

"बैल कोठे शे तठे?" नाना मलाच विचारत होते.

मी चित्र जमेल तेवढं मोठं केलं. होडीच्या कडेने त्या दोन तारांवर निम्म्या लांबीपर्यंत काहीतरी पांढुरकं होतं. मी आठ दिवस समजत होते की कपडे वाळत घातलेत. ती जाळी होती. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक हात पुढे सरकलेली. जागा नव्हती, आठ दिवस उरले होते, होडी विकायची असं त्यानेच मला सांगितलं होतं, आणि तो तारांच्या फटी बुजवत बसला होता. मला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, गाठ सुटली तर?

नाना म्हणाले, "एकलं शे पोरगं तठे." आणि कप ठेवायला आत गेले. मी तिथूनच फोन लावला. स्क्रीनवरच्या मुंगीने खिशात हात घातला.

"हितेंद्र, सी रांगेत चौदा नंबरची जागा रिकामी आहे."

तो म्हणाला की सी रांग भरलेली आहे, ऑफिसातल्या बाईने दोनदा यादी दाखवली. मग मी सगळं सांगितलं. निळी होडी, पंचवीस तारीख, सायकली, दोऱ्या, पायपुसणं. मधे कुठेतरी कॅमेऱ्याचंही सांगावं लागलं. मी स्क्रीनकडे बघितलं. तो उभा राहून खांब शोधत होता.

"तू रोज बघतेस?"

"रोज."

"मी सकाळी दात घासून पाण्यात थुंकतो, ते?"

"ते पण."

हसला. मग म्हणाला, "तुला हे आज कळलं?"

आज म्हणाले असते तर चाललं असतं. त्याला कधीच कळलं नसतं.

"सहा दिवस झाले," मी म्हटलं.

समुद्रपक्ष्यांचा कालवा फोनमधून ऐकू येत होता. तो पुन्हा खाली बसला.

"बरं झालं," तो म्हणाला. "लगेच सांगितलं असतंस तर मला वाटलं असतं, माझ्या मनासाठी हो म्हणतेयस. मग तू इथे आल्यावर रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

ऑफिसातल्या बाईला त्याचं खरं वाटलं नाही. ती स्वतः चालत सी रांगेपर्यंत आली आणि दोऱ्या बांधायची रिकामी कडी बघून गेली. निळ्या होडीच्या मालकाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तो दूरच्या बेटांवर पोचला होता, दीड वर्ष तरी परतणार नव्हता, आणि जागा कुणी वापरली तर त्याची हरकत नव्हती. ऑफिसने एका वर्षाचं पत्र दिलं.

अठ्ठावीसला होडी हलवली. आम्ही सगळे लॅपटॉपसमोर बसलो होतो. भूमिका माझ्या मांडीवर होती. चार सेकंदांनी चित्र बदलायचं, त्यामुळे होडी सरकत नव्हती, उड्या मारत येत होती. एकदा वाटलं, शेजारच्या होडीला घासली. पिवळ्या होडीवरचा म्हातारा कुत्र्यासकट धावत आला आणि त्याने दोरी झेलली. चौदा नंबर कॅमेऱ्याच्या जवळ आहे. हितेंद्र आता मुंगीएवढा नव्हता, त्याची वाढलेली दाढी दिसत होती. भूमिकाने स्क्रीनवर बोट ठेवून, पप्पा, असं मला ओळख करून दिल्यासारखं सांगितलं.

सासूबाई उठता उठता म्हणाल्या, "होडीले जागा भेटनी. आते सूनबाईनं कव्हय निंघानं शे?"

नाना त्यांच्यावर खेकसले की पोरीला दम खाऊ दे. पण मी कधी निघणार हा प्रश्न बरोबर होता. अट माझीच होती आणि ती पुरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी हितेंद्रने मरीनाचा फॉर्म पाठवला. होडीवर कोण कोण राहणार त्याची माहिती. पहिल्या रकान्यात त्याने स्वतःचं भरलं होतं. खालचे दोन रकाने कोरे होते. सोबत एवढंच लिहिलं होतं की हे तू भर, मी भरणार नाही. ऑक्टोबरअखेरपर्यंत दिलं तरी चालतं.

मी त्याच दुपारी बसले. नाव, जन्मतारीख, नातं. दुसऱ्या रकान्यात कामिनी, तिसऱ्यात भूमिका. शेवटचा प्रश्न होता, पोहता येतं का. दोन्ही रकान्यांत मी नाही असं लिहिलं. एरवी मी गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, कामाचा एकेक कागद तीनदा वाचते. हा एकदाच वाचला आणि पाठवून दिला. मग जळगावातल्या पोहण्याच्या तलावावर फोन करून बायकांची बॅच किती वाजता असते ते विचारलं.