सूनबाईंची खुर्ची

दाताच्या दवाखान्यात खुर्च्या दोन. एकीपाशी सासरे, दुसरीपाशी सूनबाई. सासऱ्यांचं नमनालाच घडाभर तेल. भुलीची सुई टोचायची तर ते स्वतःच्या लग्नात हरवलेल्या बुटापासून सुरुवात करत; बूट सापडेपर्यंत दाढ बाहेर आलेली असे. सूनबाई शब्द असे खर्चायच्या, जणू माहेरहून मोजूनच मिळाले होते. "किडलीय. काढावी लागेल." की पेशंट उठून सासऱ्यांच्या रांगेत.

सासरे आता निवृत्त होणार होते. दवाखाना सुनेच्या हाती द्यावा, की बोलघेवड्या पुतण्यालाच बोलवावं, हे ठरत नव्हतं.

"हात सोन्याचा गं तुझा, पण माणसांशी बोल की थोडं!"

"काय बोलू, बाबा?"

"हेच! हेच ते!"

तिने एकदा गोष्ट सांगून पाहिली. पुढचं आठवेना, म्हणून हातही थांबला. आ वासलेला पेशंटच शेवटी म्हणाला, "राहू द्या डॉक्टर, दातच बघा."

मग एका सकाळी सासऱ्यांचाच गाल सुजला. अर्ध्या दाराबाहेर बाकावर मंडळी बसलेली, आणि यांचं स्वतःच्या खुर्चीवर आडवं होऊनही चालूच.

"मी काय म्हणतो, आधी कोमट पाण्याने..."

"आ करा."

"करतो गं, पण ऐक तर..."

"बाबा, घाबरलात?"

सासरे हळूच म्हणाले, "हो."

"आता टोचेल." टोचलं. "आता दाब येईल, दुखणार नाही." दाब आला, दुखलं नाही. "कट्कन आवाज होईल." झाला.

"झालं. संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही."

बाकावर खसखस पिकली. सासऱ्यांच्या जुन्या पेशंट, शाळेतल्या बाई, आत डोकावल्या.

"आज गोष्ट नाही?"

"मला येत नाही. दुखणार असेल तर आधी सांगेन."

बाई सूनबाईंच्या खुर्चीवर बसल्याच. "बरंय बाई. तिकडे गोष्ट कुठे वळतेय आणि सुई कुठे, दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं!"

बोळा चावत सासऱ्यांनी हे ऐकलं. बाई गेल्यावर त्यांनी पुतण्याला फोन लावला, सुनेच्या हाती दिला आणि 'नको' अशी मान हलवली.

"भाऊजी, नका येऊ. दवाखाना मी बघतेय."

सासऱ्यांनी हातवारे केले: अगं, आणखी काही बोल!

तिने विचार केला.

"चहाला या," ती म्हणाली.