वीस वर्षांचा काचेचा नळा

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला साधी बरणीच वाटेन. पण मी आहे प्रयोगशाळेतला काचेचा उभा नळा. माझ्या तळाशी फिरती चकती आहे आणि ओठाला एक टवका. वय वीस.

काचकाम करणाऱ्या काकांनी मला घडवलं, चकती तीनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "केसाचाही फरक नाही. जा बाळा!"

माझ्यात पाणी फिरलं, तेल फिरलं, सगळं शहाण्यासारखं गोल गोल. मग नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

एके दिवशी संशोधन करणाऱ्या ताईंनी मला खाली काढलं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं, मानेखाली हात धरून धुतलं. दाट पाकात त्यांनी चिमूटभर पूड विरघळवली. तिचे रेणू म्हणे लांबच लांब दोरे! गोल फिरताना ते ताणले जातात आणि रबरासारखे मागे ओढतात. वर थोडी चमकी टाकून ताईंनी चकती अगदी हळू फिरवली. वेग जरासा वाढवला मात्र, भोवरा डळमळला आणि चमकीत लाटाच लाटा! इतकं सुंदर काही माझ्या पोटात कधी घडलं नव्हतं.

तेवढ्यात विभागाचे सर आले. "अहो, इतक्या हळू फिरणाऱ्या दाट पाकात लाटा कशा येतील? चकती वाकडी झाली असणार. उद्या भंगारवाला येतोय, देऊन टाका."

"सर, आजचा दिवस द्या."

"बरं. लाटा खऱ्या निघाल्या तर चहा माझ्याकडून."

मी धास्तावलो. खरंच वाकडा झालो असेन तर?

ताईंनी मला पुन्हा धुतलं. या वेळी पूड न घालता, पण तितकाच दाट पाक काचेच्या कडेने हळूहळू ओतला. एकही बुडबुडा नाही. तीच चकती, तोच वेग. सर चष्मा पुसून वाकले. चमकी संथ फिरत राहिली. लाट नाही! मग पूड घातलेला पाक परत भरला, आणि लाटा हजर.

"नळा सरळ आहे की हो!" सर म्हणाले.

"हो सर. ओढ त्या दोऱ्यांची आहे. आणि माझ्या चहात साखर कमी."

ताईंनी माझ्या टवक्यावर पट्टी लावली आणि चिठ्ठी चिकटवली : 'टाकू नये.'

मित्रांनो, एखाद्या यंत्राचं किंवा एखाद्या मुलाचं अचानक काही बिनसलं, तर त्याला लगेच वाकडं म्हणू नका. जवळ बसा. त्याच्या आत काय ताणलं गेलंय, ते आधी बघा.