सीटीची थाप

आमच्या सूनबाईंना जेवताना ताट दिसत नाही. सांडलेल्या पाण्यात बोटाने लाटा काढत बसायचं आणि प्रत्येक लाटेचं डोकं उडवायचं. टेबल पुसायला मी आहेच.

एकदा विचारलं, "हा काय शिरच्छेद चाललाय?"

"आई, हा आमचा सीटी."

सीटी म्हणजे तारेतला करंट मोजून रिलेला, म्हणजे वीज तोडायची की नाही ठरवणाऱ्या पहारेकऱ्याला, कळवणारा निरोप्या. लांब कुठेतरी लाइनीवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, झाला की करंट उसळतो, सीटीचं लोखंड तुडुंब भरतं आणि तो कमी सांगायला लागतो, म्हणजे करंटच्या लाटेचं डोकं उडतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये गेलेलं आणि त्यातून बाहेर आलेलं जुळत नाही. रिलेला वाटतं, सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मरच आतून जळतोय. तो अख्ख्या गावाची वीज तोडतो, दवाखान्यासकट.

"आमचे साहेब म्हणतात, रिलेला जरा बहिरा करा. मग खरंच आत जळलं तर?"

"तुझा नवरा उशिरा आला की बघ," मी म्हटलं. "पहिलं वाक्य खरं, पुढची थाप. मी तिथेच धरते."

"सीटीही भरेपर्यंत खरंच बोलतो. आधी जुळलं आणि मग फिसकटलं, तर फॉल्ट बाहेर. पहिल्यापासूनच जुळलं नाही, तर आत. खऱ्या तुकड्यावरून उडालेलं डोकंही रिले जोडून घेतो." ती हसली. "तुमच्यावर गेलाय तो."

तिने ही युक्ती रिलेत बसवली तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "पुढच्या फॉल्टला गाव अंधारात गेलं, तर तुमची युक्ती भंगारात आणि तुम्ही मीटर दुरुस्तीला."

एका दुपारी सूनबाई डबा विसरल्या. मी सबस्टेशनवर घेऊन गेले. फाटकावरच्याने अडवलं, मी अडले नाही. कंट्रोल रूममध्ये पाय ठेवला आणि दिवे मिणमिणले. बाहेर लाइन तोडणारा ब्रेकर धाडकन उघडला. कुठेतरी क्रेन तारेला लागली होती.

"गेलं," साहेब म्हणाले.

दिवे पुन्हा लख्ख झाले. ती एकच लाइन सुटली होती. ट्रान्सफॉर्मर आपला घुमतोय, गावात वीज आहे. पडद्यावर डोकं उडालेली लाट होती आणि तिच्यावर रिलेने ठिपक्यांनी जोडलेलं डोकं.

साहेबांनी निरखून पाहिलं. "मीटर दुरुस्तीला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची सुनेपुढे सरकवली.

तिने टेबलावरच्या धुळीत लाट काढली. या वेळी डोक्यासकट.

मी डबा उघडून पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाहेरचं भांडण घरात आणू नये, एवढी अक्कल यंत्राला शिकवलीस तू. आजपासून हवं तितकं पाणी सांड, मी बोलणार नाही. आता ताटाकडे बघून जेव."