मामाने निवडलेला कॅमेरा

हौशीराममामाला जगातली प्रत्येक वस्तू जुनी मोटारसायकल वाटते. सोमाटणे फाट्यावर त्याचा सेकंडहँड गाड्यांचा धंदा आहे, आणि मामीसाठी कुकर घेतानासुद्धा तो आधी वाकून खालून बघतो. मी पुण्यात फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला होते, तिथे सरांनी सांगितलं, जुना रोलचा कॅमेरा आणा, स्वस्तातला चालेल. तेव्हा मामा सोबत येणार हे ठरलेलंच होतं. मला तो सोबत नको होता. पण बाबा आजारी आईला सोडून हलत नव्हते, आणि लोणावळ्याच्या हमीदचाचांना मामा ओळखत होता.

चाचांनी उभं आयुष्य पॉइंटवर येणाऱ्या जोडप्यांचे फोटो काढले. मोबाइल आले आणि धंदा बसला. आता ते जुने कॅमेरे दुरुस्त करून विकतात. त्यांनी माझ्यासमोर दोन ठेवले. एक त्यांचा स्वतःचा, कडा झिजून आतलं पितळ दिसणारा. दुसरा कुठल्याशा बंगल्याच्या कपाटातून आलेला, एकदम चकाचक.

"हा घे बेटा," चाचा झिजलेल्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हा रोजचा चालता आहे. दुसरा बरीच वर्षं पडून होता. तोच हवा असेल तर आठ दिवस ठेवून जा, एक रोल घालून तपासतो."

मला झिजलेला आवडला होता, हातात नीट बसत होता. पण मामाने मला कोपराने ढोसत बाहेर पायरीवर नेलं.

"येडी का खुळी तू? लय रनिंग झालंय त्याचं. आन पसंत केलेला माल इकणाऱ्याकडं ठिवायचा न्हाई. आठ दिसात आतलं पार्ट बदलत्यात. मी काय आज धंद्याला लागलोय व्हय?"

मोठ्यांपुढे तोंड चालवायचं नाही, हे आमच्या घरात मुलींना फार मन लावून शिकवतात. चकाचक कॅमेरा त्याच दुपारी इंदुरीला आमच्या घरी आला.

आईला कॅन्सर होता. आता फार दिवस नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. औषधांनी तिचे केस गेले होते. दवाखान्यात काकूने मोबाइलवर तिचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि तेव्हापासून आईने कुणाला फोटो काढू दिला नाही. डोक्याचा रुमाल तर ती माझ्यासमोरही सोडत नसे.

त्या दिवशी मी तिच्या खाटेवर बसून रोल भरला. ती बघत होती.

"ह्यातला फोटू लगीच दिसत न्हाई ना?"

"नाही. धुवावा लागतो."

"तुला बी दिसत न्हाई?"

"मलाही नाही."

तिने जरा विचार केला. "मग काढ. पर मी हाये तवर धू नको. मी गेल्याव बघ, आन तू एकटीच बघ."

तिने मला दार लावायला सांगितलं, खिडकीशी सरकून बसली आणि रुमाल सोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशी ओरडली, "रडू नको, फोटू हालंल!" आणि स्वतःच हसायला लागली. कित्येक महिन्यांनी ती अशी हसत होती. मी भराभर बटण दाबत गेले. रोल छत्तीस फोटोंचा, पण आकडा चाळिशीच्या पुढे गेला तरी कॅमेरा थांबेना. मामाला सांगितलं तर त्याची छाती फुगली. "बघ, जादाचं देतोय! माल कुनी निवडला?"

महिन्याच्या आत आई गेली. तेरावं झाल्यावर मामा आणि मी कॅमेरा घेऊन चाचांकडे गेलो. रोल तेच धुऊन देणार होते.

चाचांनी रोल मागे गुंडाळायची चकती फिरवली. ती सैल फिरली. त्यांनी चष्मा वर केला.

"फोटो काढताना ही चकती आपोआप फिरत होती का, बेटा?"

"बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं."

त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. मी किंचाळले, "चाचा, उजेड लागेल!"

"उजेडाने बिघडेल असं आत काही नाही," ते म्हणाले.

रोलचं टोक मी खोचलं होतं तिथेच होतं. रोल ओढून घेणारी फिरकी पडून पडून सैल झाली होती, तिने तो बोटभरही ओढला नव्हता.

"पर आवाज तर येत हुता की," मामा म्हणाला. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, त्याचीही ती बहीणच होती. पण मला फक्त राग येत होता.

चाचांना माझ्याकडे बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बोलले, "रोल वाया गेलेला नाही, बेटा. टोक कापून पुन्हा भरून देतो. सगळेच्या सगळे फोटो काढता येतील."

"कुणाचे?" मी विचारलं.